सिल्लेवाड्याचे पान, खापरखेड्याची राखड

सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात एक पान सापडते. जिभेच्या आकाराचे, मधोमध ठसठशीत शीर, तिच्या दोन्ही अंगांनी जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक शिरा. हे झाड मरून पंचवीस कोटी वर्षे होऊन गेली, तरी दगडावरच्या त्या शिरा बोटाने मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. शास्त्रज्ञ त्याला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. आणि सिल्लेवाडा म्हणजे नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, खापरखेड्याच्या अगदी कुशीतले गाव. आज ते नाव नागपूरकरांना माहीत आहे ते कोळसा खाणीमुळे. भूगर्भशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मात्र खाणीच्या कितीतरी आधी सिल्लेवाडा पोचला होता, तो या पानाचा हात धरून.

पोचवले ते एका पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याने शाळा काढली, धर्मप्रसार केला आणि उरलेल्या वेळात घोड्यावर बसून दगड शोधत हिंडला. सोबतीला रॉबर्ट हंटर हा दुसरा मिशनरी. रघुजीराजे भोसल्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या नागपुरात हे दोघे हातोडी घेऊन नाल्यांत उतरताना पाहून लोकांना काय वाटले असेल कोण जाणे. कामठी, भरतवाडा, सिल्लेवाडा इथल्या दगडांतली पाने त्यांनी गोळा केली. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर त्यांचा निबंध छापून आला, आणि १८६१ मध्ये सर चार्ल्स बनबरी यांनी तिथे पोचलेल्या वनस्पतींच्या ठशांचे सविस्तर वर्णन केले. खापरखेड्याच्या शेजारचा दगड असा विलायतेच्या कपाटात गेला. इथल्या खडकांच्या थराला कामठीचे नाव मिळाले, ते आजही आहे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण शाळेच्या पुस्तकांत ती धड येत नाही. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सारे एकेकाळी जोडलेले होते. त्या महाभूखंडाला जगभर गोंडवाना म्हणतात. हे नाव आले गोंडांच्या मुलखावरून. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारतातल्या या खडकांसाठी ते वापरले आणि पुढे एडवर्ड झ्यूस यांनी ते साऱ्या जोडभूमीला दिले. ज्या बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवले, तो देवगडचा गोंड राजा. सावनेर-खापरखेड्याचा मुलूख त्याच्याच राज्यातला. म्हणजे अर्ध्या पृथ्वीला लागलेले नाव या मातीतले आहे. आणि पुरावा? तोच, जिभेच्या आकाराचा. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार गारठून मेले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड मिळाले, जे त्यांनी मरेपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे पान होते. सिल्लेवाड्याचे भाऊबंद अंटार्क्टिकात निघाले.

हिस्लॉपला हे काही कळायचे नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, संध्याकाळच्या अंधारात, पावसाने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. वय पंचेचाळीस. त्याच साली चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. लोकांनी त्याला पटकन आपले नाव दिले: अजब बंगला. पेंढा भरलेले प्राणी, मूर्ती, शिलालेख, नाणी, दगड. तेव्हाच्या संग्रहालयाचा कारभार साधा होता. जे होऊन गेले ते काचेमागे ठेवायचे, आणि लोकांनी तोंडात बोट घालून बघायचे.

ज्या जंगलांची पाने दगडात उमटली, तशाच जंगलांच्या दलदलीत साचलेला पाला आणि लाकूड खाली दबून कोळसा झाला. कामठी थराच्या वालुकाश्माखाली बराकर थर, आणि त्यात कोळशाच्या पट्ट्या. मध्य प्रांतात कोळशाचा धंदा सुरू झाला तो आधी दक्षिणेला, वरोऱ्याला: १८७१ मध्ये सरकारी खाण उघडली आणि १९०६ मध्ये बंद पडली. तोवर रेल्वे नागपुरात येऊन (१८६७) स्थिरावली होती आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले त्यामागे दोन कारणे होती, कापूस जवळ आणि कोळसा जवळ. विदर्भाच्या पुढच्या दीडशे वर्षांची कुंडली त्या दोन शब्दांत आली. कापूस मिलला गेला, मिल बंद पडली. कोळसा अजून जळतो आहे.

खापरखेड्याचा नंबर विसाव्या शतकात लागला. नागपूर तेव्हा राजधानी होती. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग १९५० पासून मध्य प्रदेशाची. राजधानीला वीज हवी होती. वलनीचा कोळसा हाताच्या अंतरावर, कन्हानचे पाणी शेजारून वाहते, मग वीज केंद्रासाठी याहून सोयीची जागा कोणती? पन्नाशीच्या दशकात खापरखेड्याचे पहिले पावर हाऊस उभे राहिले. पावर हाऊस हाच शब्द. औष्णिक विद्युत केंद्र असे गावात कुणी म्हणत नाही, ते फलकावर असते.

मग एक मजेदार प्रकार झाला. पावर हाऊस जागचे हलले नाही, पण त्याच्या डोक्यावरचे राज्य बदलत गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी उभारलेले केंद्र चार वर्षांत दोनदा पाहुणे होऊन शेवटी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या घरी नांदायला गेले. २००५ मध्ये मंडळाचीही वाटणी झाली आणि खापरखेडा महानिर्मितीच्या वाट्याला आले. खाणींचे तसेच. १९७३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि स्थापन झाली, आणि सिल्लेवाडा, वलनी, चनकापूर ही नावे शिफ्टच्या भोंग्यावर चालू लागली. चनकापूर-खापरखेड्याच्या कॉलन्यांत देशाच्या नाना भागांतली माणसे आली, आणि इथली बोली अशी झाली की एकच माणूस भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करतो, घरी नागपुरी मराठीत रागावतो आणि साहेबासमोर दोन्ही विसरतो.

पहिल्या पावर हाऊसचे संच आजच्या मानाने खेळण्यातले होते. खरे धूड आले ते नंतर. २१० मेगावॉटचे दोन संच १९८९ आणि १९९० मध्ये, तसेच आणखी दोन २००० आणि २००१ मध्ये, आणि ५०० मेगावॉटचा पाचवा २०११ मध्ये. एकूण १३४० मेगावॉट. शेजारी, दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर कोराडी, तिथला पहिला संच १९७४ चा. सावनेर रस्त्याने रात्री जाणाऱ्याला आधी कोराडीच्या आणि मग खापरखेड्याच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. चिमण्या एवढ्या उंच का? नियमच तसा आहे. २१० मेगावॉटच्या संचाला २२० मीटर, ५०० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर. धूर जितका वरून सोडावा तितका तो लांब जाऊन विरळ होतो, एवढाच त्यामागचा हिशेब. त्याला धूर नाहीसा करणे म्हणत नाहीत, तो वाटून टाकणे म्हणतात.

खापरखेड्याला जी आगगाडी येत असे, तिची गोष्ट वेगळीच. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी छोटी लाईन. इतवारीहून सुटलेली गाडी कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर करत सातपुड्यात चढायची, आणि तिच्या वेगाबद्दल लोकांनी इतके विनोद केले की गाडीपेक्षा तेच जास्त लांब गेले असतील. डिसेंबर २००२ मध्ये नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय उघडले. त्या वेळी छिंदवाड्याची गाडी धावत होती! म्हणजे प्रवासी सकाळी छोट्या गाडीने नागपूरला येऊन दुपारी तिकीट काढून छोटीच गाडी बघू शकत होता. २०१५ मध्ये मार्ग रुंद करण्यासाठी ती बंद झाली आणि आता तिथून ब्रॉडगेज जाते. हयात असतानाच संग्रहालयात जागा राखून ठेवणे हे भाग्य फार थोड्यांना मिळते. कोळशावरच्या विजेच्या बाबतीत सध्या जगभर तेच चालू आहे: एकीकडे संच धडधडताहेत, दुसरीकडे त्यांच्यासाठी दालने बांधली जाताहेत.

नागपुरात भविष्याकडे तोंड करून उभे राहिलेले पहिले संग्रहालय म्हणजे रमण विज्ञान केंद्र. गांधीसागरासमोर, १९९२ मध्ये सुरू झालेले; पाच वर्षांनी तारांगण जोडले गेले. नाव सी. व्ही. रमण यांचे, आणि ते उगाच दिलेले नाही. नोबेलच्या वीस वर्षे आधी वित्त खात्यातले तरुण अधिकारी म्हणून रमण यांची काही काळ नागपूरला बदली झाली होती. अजब बंगल्यात 'हात लावू नये' अशी पाटी. रमण केंद्रात हात लावल्याशिवाय काही चालतच नाही. सावनेर, पारशिवनी, रामटेक इकडच्या शाळांच्या सहली हिवाळ्यात इथे उतरतात. बागेतल्या डायनासोरसमोर फोटो, मग आत पळापळ, मग तारांगणाच्या अंधारात मागच्या रांगेतून एक शिट्टी.

अशा विज्ञान केंद्रांत हमखास असणारा एक खेळ म्हणजे सायकल. पायडल मारा, डायनॅमो फिरतो, दिवा लागतो. खापरखेड्याहून आलेल्या पोराला हा खेळ इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. धडधाकट माणूस जोर लावून शंभर वॉटच्या आसपास वीज काढतो. म्हणजे एक युनिट काढायला त्याने दहा तास न थांबता पायडल मारले पाहिजे. पावर हाऊस तेच काम सुमारे सातशे ग्रॅम कोळशात उरकते, आणि गिऱ्हाईक काही रुपयांत ते विकत घेते. कोळशाने जग का जिंकले याचे उत्तर या सायकलवर मिळते; त्यासाठी भाषण लागत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, तीस ते चाळीस टक्के. घरात महिन्याला शंभर युनिट जाळले तर कुठेतरी सत्तर किलो कोळसा जळतो आणि पंचवीसेक किलो राख उरते. बिलावर युनिटे छापतात, इतर आकार छापतात. ही पंचवीस किलो छापत नाहीत. खापरखेड्याचे पाचही संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर कोळसा साडेबावीस हजार टनांच्या घरात लागतो, आणि राख सात-आठ हजार टन. पंचवीस टनी ट्रकांत भरली तर तीनशे ट्रक. रोज.

हिला इकडे राखड म्हणतात. जाड राख बॉयलरच्या तळाशी पडते, बारीक राख धुरासोबत निघते आणि ती चिमणीत जाण्याआधी विजेच्या भाराने पत्र्यांवर ओढून घेतात. थोडी कोरडी सिमेंटला आणि विटांना जाते. उरलेली पाण्यात कालवून पाइपाने राखड बंधाऱ्यात. खापरखेड्याची आधी वारेगावला, मग नांदगावला, कोराडीची खसाळ्याला. पाणी आटले की वरचा थर सुकतो आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यावर उठतो. मग वाळत घातलेल्या कपड्यांवर, हरभऱ्याच्या पानांवर, पाण्याच्या रांजणावर तीच पांढुरकी साय.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ ला अधिसूचना काढली: वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांनी मातीत निदान पाव हिस्सा राख मिसळली पाहिजे. खापरखेड्याच्या नावातच खापर आहे, भाजलेल्या मातीचा तुकडा. मातीच्या त्या गावाला मातीतच राख कालवा म्हणणारा हुकूम आला, हा योग एखाद्या कथाकाराने जुळवला असता तर ओढूनताणून आणल्यासारखा वाटला असता.

आणि खापर म्हटले की ते कुणाच्या माथी फोडायचे हा प्रश्न येतोच. २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र, असर आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कोराडी आणि खापरखेड्याच्या आसपासच्या गावांतले पाणी आणि राख तपासून अहवाल काढला. त्यात जड धातूंच्या प्रदूषणाचे दाखले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावला आले आणि तिथे राखड टाकणे थांबवण्यास सांगून गेले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखडीचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. पुढच्या वर्षी, २९ मे २०२३ ला, कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉट संचांसाठी जनसुनावणी झाली. गावकरी, कंत्राटदार, अभियंते, पुढारी, सगळ्यांनी आपापले खापर आणले होते. वीज वापरणारा मात्र कुठल्याच सुनावणीला जात नाही, हे लेखाच्या वाचकाने आणि लिहिणाऱ्यानेही लक्षात ठेवलेले बरे.

उद्याची संग्रहालये जगात कशी बांधतात? ब्राझीलमध्ये रिओच्या जुन्या बंदरावर डिसेंबर २०१५ मध्ये 'उद्याचे संग्रहालय' उघडले. त्याच्या छतावरचे सौर पंख सूर्याच्या मागे वळतात आणि खाडीचे पाणी आत थंडावा आणते. आत जुन्या वस्तू जवळजवळ नाहीत. आहेत ते प्रश्न: माणसे किती होतील, तापमान किती वाढेल, आपण कसे राहू. देखणे आहे यात वाद नाही. पण खाणमुलखातल्या माणसाला त्याहून जवळची वाटतील अशी तीन ठिकाणे आहेत. वेल्समधली 'बिग पिट' खाण १९८० मध्ये बंद झाली आणि तीन वर्षांत संग्रहालय म्हणून उघडली. पाहुण्यांना पाळण्यातून नव्वद मीटर खाली नेणारे वाटाडे म्हणजे एकेकाळचे खाणकामगार. जर्मनीतल्या एसेनची झोलफेराइन खाण १९८६ मध्ये थांबली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली, आणि तिच्या कोळसा धुण्याच्या इमारतीत आता त्या प्रदेशाचे संग्रहालय आहे. आणि अमेरिकेतल्या केंटकीच्या बेनहॅम गावात कोळसा खाणकामाचे संग्रहालय आहे. २०१७ मध्ये त्या संग्रहालयाने वीजबिल कमी व्हावे म्हणून छतावर सौर पॅनेल बसवले. कोळशाच्या इतिहासाला उन्हाच्या दिव्याखाली बघायचे! तिन्हीकडे खुबी एकच: भविष्य सांगायला त्यांनी नवी जागा शोधली नाही, काळवंडलेल्या भिंतीच वापरल्या.

आपल्याकडे याचा श्रीगणेशा झाला आहे, आणि तोही याच तालुक्यात. वेकोलि आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केले: सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण. सावनेरच्या इको पार्कमध्ये भूमिगत खाणीचा नमुना उभारला आहे. डोक्यावर हेल्मेट घालून पोरे आत जातात आणि छताला आधार कसा देतात, कोळसा कसा निघतो ते बघतात. खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून बाटलीत भरण्याचाही प्रयोग वेकोलिने पाटणसावंगीला केला आणि बाटलीला नाव दिले 'कोल नीर'. कोराडीच्या संचांसाठी भांडेवाडीत प्रक्रिया केलेले नागपूरचे सांडपाणी जाते. शहराने वापरून टाकलेले पाणी पुन्हा त्याच शहराची वीज बनवायला. रिओच्या दालनात हे मांडले असते तर लोकांनी रांगा लावल्या असत्या.

तरी या सगळ्यात एक दालन राहून गेले आहे. खाण दाखवतात, बाग दाखवतात, पाण्याची बाटली दाखवतात. राखड कुणी दाखवत नाही. पान लंडनला गेले, वीज राज्यभर गेली, आणि मागे राहिली ती एवढीच. तीच तेवढी पर्यटनाच्या नकाशावर नाही. रमण केंद्राच्या सायकलशेजारी एक तराजू ठेवायला फार पैसे लागणार नाहीत: एका पारड्यात सातशे ग्रॅम वलनीचा कोळसा, दुसऱ्यात त्यातून निघणारी पाव किलो राखड, आणि वर, काचेत, सिल्लेवाड्याचे एक पान. खापरखेड्याचा पंचवीस कोटी वर्षांचा इतिहास तेवढ्या जागेत बसतो. पायडल मारून दमलेले पोर ते बघेल आणि घरी गेल्यावर पंखा बंद करायचा की नाही ते त्याचे ते ठरवेल.

तोवर रमण केंद्राची सहल अर्धा दिवस लांबवता येते. सावनेर रस्त्याने कोराडी ओलांडून खापरखेड्याला यावे, नांदगावकडे एक चक्कर टाकावी आणि परतताना सिल्लेवाड्याला थांबून उघड्या पडलेल्या वालुकाश्मावर नजर टाकावी. पान दिसेलच असे नाही. दिसले, तर फोटो काढा आणि दगड जागच्या जागी राहू द्या. या वेळी तरी ते गावातच राहायला हवे.